कानबाईचा मान आणि मंगलाबाईचा गुडघा

मंगलाबाईचा उजवा गुडघा सात वर्षांपूर्वी एकदा उघडून शिवला होता. तेव्हापासून त्याला जरा जास्तच कळतं, असं तिचं म्हणणं होतं. जिना उतरायचा विचार नुसता मनात आला तरी पाय उचलायच्या आधी हा कुरकुरायला लागायचा. आणि सुरतेच्या कोसाड भागातल्या त्यांच्या इमारतीत जिन्याला पर्याय नव्हता. घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती.

गुडघा मोडला लूमच्या कारखान्यात. तिथे ती बॉबिन भरायला जायची. जमिनीवर सांडलेल्या तेलावरून पाय गेला, शरीर एकीकडे वळलं, पाऊल तिथेच राहिलं आणि आतला लिगामेंट तुटला. ऑपरेशन चांगलं झालं. चार वर्षं पाय आज्ञाधारक होता. मग हळूहळू सकाळचा ताठ व्हायला लागला, खाली बसलं की उठेना. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, की लिगामेंट तुटलेल्या गुडघ्याची गादी पुष्कळदा लवकर झिजते. गुडघा बदलायची वेळ आलेली नाही, मांडीचे स्नायू बळकट करा, जमिनीवर मांडी घालून बसू नका, व्यायाम सोडू नका. हे सगळं ऐकून घेऊन मंगलाबाई घरी आली आणि जमिनीवर मांडी घालून साड्यांना टिकल्या लावायला बसली. बसून करायचं काम खुर्चीत बसून कसं करतात हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

वापीहून मुलगा भूपेंद्र आला तेव्हा त्याने आईला टिकल्यांच्या ढिगात पाहिलं आणि कपाळाला हात लावला. आठवड्यातून तीनदा जिना उतरून, रिक्षा करून व्यायामाच्या दवाखान्यात ही बाई जाणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने तिच्या फोनवर एक ॲप घालून दिलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता त्यात व्यायाम शिकवणारी विशाखा दिसायची. ती सुरतेतल्याच उधण्याची होती, वडील रेल्वेत होते, गाव मूळचं जळगावकडचं. त्यामुळे मंगलाबाईची अहिराणी तिला सगळी कळायची, बोलायची मात्र ती सरळ मराठी.

बाकीच्या दिवशी ॲपच शिकवायचं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि खाली दाबा. पाय सरळ वर उचला, पाच मोजा. खुर्चीतून हात न लावता उठा. शेवटी फोनवर सात-आठ तोंडं ओळीने यायची. पहिलं खदाखदा हसणारं, शेवटचं रडून लालबुंद झालेलं, आणि त्यांच्याखाली शून्यापासून दहापर्यंत आकडे. आज किती दुखतंय, त्यावर बोट ठेवायचं. आकडा पाचाच्या वर गेला की विशाखाला कळायचं आणि भूपेंद्रला मेसेज जायचा.

पहिल्याच कॉलला मंगलाबाईने आपलं म्हणणं मांडून टाकलं होतं.

"ताई, बाकी तुम्ही काय सांगशात ते करसू. पन श्रावणमा माले कानबाई डोकावर लेनी शे."

विशाखा हसली. "कानबाई माहीत आहे मला. आमच्या घरी नसते, पण देवीची मिरवणूक आमच्या गल्लीतून नदीवर जाते दरवर्षी. तो पाट हलका नसतो काकू."

"हालका नही, तेच तं."

"बघू. अडीच महिने आहेत आपल्या हातात. दुखणं तीनच्या आत राहिलं तर बोलू."

झालं! विशाखाने सहज म्हटलेलं ते 'तीनच्या आत' मंगलाबाईने पदराला गाठ मारून ठेवलं. त्या दिवसापासून रोज तिचं बोट दोनावर. सोमवारी दोन, मंगळवारी दोन, एकादशीला दोन, अमावास्येला दोन. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत ती त्या हसऱ्या तोंडावर बोट टेकवायची आणि फोन उशीखाली सरकवायची.

हट्टामागचं कारण मात्र हट्टाहून मोठं होतं. त्यांच्या भाऊबंदकीत कानबाई नदीवर न्यायचा मान घरातल्या मोठ्या सुनेचा. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसायची, सोमवारी सकाळी पाटावरून तापीवर जायची. सासू अनुसयाबाई मोठी सून होती, तिने हा पाट खानदेशात आणि नंतर सुरतेत मिळून चाळीस वर्षं वाहिला. मंगलाबाई लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या मागून फुगड्या खेळत, गाणी म्हणत, घामाघूम होत नदीपर्यंत जायची. पाटाला तिचा हात कधी लागला नव्हता. अनुसयाबाई हिवाळ्यात गेल्या. बत्तीस वर्षांनी यंदा पहिल्यांदा मंगलाबाईची पाळी आली होती, आणि नेमका यंदाच हा गुडघा आडवा आला होता.

शिवाय धाकटी जाऊ धुरपदाबाई होतीच. ती त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायची. ती एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "वयनी, तुमले नही जमनं तं मी शे ना." तिने कदाचित मायेने म्हटलं असेल. पण मंगलाबाईला त्यात माया ऐकू आली नाही. बत्तीस वर्षं रांगेत उभं राहिल्यावर मागून कोणी खांद्यावर हात ठेवला, तरी तो ढकलल्यासारखा वाटतो.

ॲप बिचारं भोळं. त्याला जे सांगाल ते खरं. रोज दोन, रोज दोन म्हटल्यावर त्याला वाटलं बाई बरी होतेय. विशाखाने व्यायाम वाढवला. पाट पायाखाली घेऊन वर चढायचं, खाली उतरायचं, आधी दहा वेळा, मग वीस वेळा. मंगलाबाईने तेही केलं, दात खाऊन केलं. तिसऱ्या आठवड्यात गुडघा वाटीसारखा फुगला. तिने साडी अजून चार बोटं खाली सोडली. सकाळी उठल्यावर पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी पाय धरायचा, कळ ओसरली की मग उभं राहायचं, आणि उभं राहताना गाणं गुणगुणायचं, म्हणजे घरात कोणाला संशय नको. घरात दुसरं होतं कोण? एकटा लोटू.

लोटू तिचा नवरा. साठीला आलेला, काटकुळा, तीस वर्षं लूमवर काढलेला. अजूनही एका वेळी आठ लूम सांभाळायचा. शंभर-सव्वाशे लूम एकदम चालतात तिथे माणसाचा आवाज माणसाच्या कानापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथले लोक आवाज काढायचाच सोडून देतात. नुसते ओठ हलवतात, दोन बोटं नाचवतात, आणि सहा लूम पलीकडचा माणूस समजून जातो की धागा तुटलाय, चहा आलाय, मालक आलाय. मंगलाबाईनेही तिथे अकरा वर्षं काढलेली. त्यामुळे नवरा-बायकोची ही मुकी भाषा घरीही चालायची. भूपेंद्र तान्हा असताना तिचा उपयोग त्याची झोप मोडू नये म्हणून झाला. पुढे सासूसमोर बसून सासूबद्दल बोलायला झाला, आणि हा उपयोग जास्त वर्षं टिकला.

पण गुडघ्याबद्दल लोटू ना आवाजाने बोलला, ना बिनआवाजाने. "कसं शे?" असं विचारायचा. "बरं शे," असं ती म्हणायची. तो मान डोलवायचा आणि चहा प्यायचा. मंगलाबाईला वाटायचं, याला काय कळतंय! पुरुषाला धागा तुटलेला दिसतो, बायकोचा पाय दिसत नाही.

कानबाई बारा दिवसांवर आली तेव्हाचा मंगळवार. लोटूची रातपाळी होती म्हणून तो दुपारी घरी होता. मंगलाबाईने फोन नेहमीप्रमाणे रव्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि समोर खुर्चीत बसली. मागे पलंगावर लोटू गुजराती पेपर उघडून बसला. त्याला गुजराती वाचता येत नव्हतं, चित्रं पाहायचा.

विशाखा आली. तिने ॲपवरचा कागद उघडलेला असावा, कारण तिचा चेहरा खुलला होता.

"काकू, शाब्बास! दोन महिन्यांत आकडा दोनच्या वर नाही. माझ्या सगळ्या पेशंटमध्ये तुम्ही पहिल्या. आज ठरवू या कानबाईचं."

फोनच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, तिच्यात आपलंच तोंड दिसतं. मंगलाबाई आपला पदर सारखा करायला म्हणून त्या चौकटीत पाहू लागली. आणि तिला आपल्या खांद्यामागे लोटू दिसला. पेपर खाली ठेवून तो उभा राहिला होता. फोनकडे पाहत होता आणि त्याचे ओठ हलत होते.

'नही म्हना बाई. नही म्हना तिले.'

आवाज कणभरही नव्हता. मंगलाबाईची पाठ आपल्याकडे आहे, म्हणजे तिला काही कळणार नाही, असा त्याचा हिशेब. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं. ती चौकट त्याच्या ध्यानीमनी नव्हती. आणि त्याहून मोठी चूक अशी, की ओठ हलवले की समोरच्याला समजतं, हे त्याने तीस वर्षांत इतकं गृहीत धरलं होतं, की उधण्याला बसलेल्या पोरीला ही भाषा येत नसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ज्या एका माणसापासून लपवायचं होतं, तेवढंच माणूस ते वाचत होतं.

'खोटं सांगस ती. सकायले पलंगवर बठीसन पाय धरी ठेवस. जिना आडवी उतरस. गुडघा सुजेल शे, मी देखेल शे. मनाघाई सांगाई नही राहिनं. तुम्ही सांगा.'

"काका काहीतरी म्हणतायत का?" विशाखा फोनच्या जवळ आली. "आवाज येत नाहीये. काकू, तुमचा माइक बंद झालाय का?"

लोटू चटका बसल्यासारखा खाली बसला आणि त्याने पेपर तोंडापुढे धरला. उलटा.

मंगलाबाईला आधी संताप आला. बारा दिवसांवर सण आलेला, समोरची पोर 'हो' म्हणायला निघालेली, आणि हा माणूस पाठीमागून आपलं घर फोडतोय! दात आपलेच, ओठही आपलेच, तक्रार करायची कोणाकडे? "काही नही ताई," ती म्हणाली, "जांभई दी राहिनात ते."

"बरं. मग काय, ठरलं ना? घ्यायची कानबाई?"

हातात आलं होतं. फक्त 'हो' म्हणायचं बाकी होतं. मंगलाबाईने तोंड उघडलं, आणि तिला त्या चौकटीत पेपरच्या वर दोन डोळे दिसले. लोटूचे डोळे कधी पाणावलेले तिने पाहिले नव्हते, सासू गेली तेव्हाही नाही. म्हणजे हा रोज पाहत होता. 'बरं शे' म्हटल्यावर मान डोलवणारा माणूस रोज सकाळी डोळे मिटून पडल्या पडल्या तिचं ते पाय धरून बसणं पाहत होता, तिचं ते खोटं गाणं ऐकत होता. तिला एकदम फार लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी फार बरं वाटलं.

"विशाखाताई," ती म्हणाली, "ते दोन खोटं शे."

"काय?"

"आकडा. खोटा दाबू मी. पहिला दिनपासून."

विशाखा हळू म्हणाली, "मग खरा किती?"

"सकायले सात. जिनावर आठ. खुर्चीवर बठेल राहिनू तं चार." आणि आता एवढं सांगितलंच आहे, तर उरलं कशाला ठेवायचं म्हणून तिने साडी गुडघ्यापर्यंत ओढली आणि पाय फोनसमोर धरला.

विशाखा पाहत राहिली. ती रागावली असती तर मंगलाबाईला सोपं गेलं असतं. पण त्या पोरीचा चेहरा रडवेला झाला.

"काकू, दोन बघून मी तुम्हाला पायरीचा व्यायाम दिला. वीस-वीस वेळा. म्हणजे हा मी सुजवलाय."

"नही वं माय! तू नही, मी!" मंगलाबाई इतक्या जोराने म्हणाली की लोटूच्या हातातला पेपर हलला. आपलं खोटं जाऊन दुसऱ्याच्या लेकीला लागेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

विशाखाने नाक पुसलं आणि कामाला लागली. तिने गुडघा दाबून बघायला सांगितलं, कुठे गरम लागतो विचारलं, पोटरी दुखते का विचारलं. पायरीचा व्यायाम बंद. दिवसातून तीन वेळा बर्फ, मधे फडकं ठेवून. टिकल्यांचं काम टेबलावर, खुर्चीत. बाहेर पडताना गुडघ्याला पट्टा. डॉक्टरांनाही फोटो दाखवून संध्याकाळी पुन्हा फोन करते म्हणाली. मग ती कानबाईवर आली.

"मी नाही म्हणू का?"

मंगलाबाईला 'म्हण' असं म्हणवेना आणि 'नको म्हणू' हेही म्हणवेना.

"ऐका. आठ दिवसांत सूज उतरली तर सपाट रस्त्यावर दहा मिनिटं. जिना नाही, घाटाच्या पायऱ्या नाहीत. आणि आकडा पाच झाला की तिथल्या तिथे पाट दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायचा. घरापासून दोन पावलांवर झाला तरी. तिथे मी नसेन काकू, ॲपही नसेल. आकडा तुम्हीच बघायचा."

फोन बंद झाल्यावर मंगलाबाई खुर्चीतच मागे वळली.

"त्या पोरले ओठ वाचता येतस का?"

लोटू पेपर सरळ करायच्या खटपटीत होता. "सवय शे ना," तो पुटपुटला.

"आनि मी समदं वाचं. त्या कोपरामा दिसस माले."

लोटूची मान खाली गेली ती गेलीच. तिने वाट पाहिली. माझ्याशी का नाही बोललात, मला का नाही अडवलंत, एवढंच तिला विचारायचं होतं. पण तो उठला, पायात चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून पिशवीभर बर्फ घेऊन आला. त्यानंतरचे आठ दिवस तो रोज बर्फ आणत होता, फडक्यात गुंडाळून तिच्या गुडघ्यावर ठेवत होता, मिनिटं मोजत होता. बोलला मात्र एक अक्षर नाही. मूग गिळून बसावं तर लोटूने.

ॲपवर आकडे आता खरे जात होते. सात, सात, सहा, पाच. भूपेंद्रचा घाबरून फोन आला, तेव्हा मंगलाबाईने त्यालाच समजावलं, "आरे, बरं व्हई राहिनं म्हनीसन वाढेल दिसी राहिनं." त्याला ते काही कळलं नाही. शेवटच्या शुक्रवारी आकडा तीन होता, आणि तो खरा तीन होता.

सोमवारी सकाळी देवी धुरपदाबाईच्या घरातून निघाली. तळमजला म्हणून यंदा तिथेच बसवली होती, ही सूचनाही धुरपदाबाईचीच, पण ती तिची होती हे मंगलाबाईला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. नारळाच्या मुखवट्याला चांदीचे डोळे, नाकात नथ, अंगावर हिरवं लुगडं. भाऊबंदांपैकी निंबाभाऊंनी पाट उचलला आणि मंगलाबाईच्या डोक्यावरच्या चुंबळीवर ठेवला. साडीखाली पट्टा आवळलेला होता. मानेवर वजन आलं तशी ती क्षणभर डगमगली, मग सरळ झाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

गेटबाहेर डीजे दणाणत होता. पुढे पोरं नाचत होती, मागे बायकांच्या फुगड्या. गच्चीगच्चीवरून लोक हात जोडत होते आणि ते हात तिच्या दिशेने जोडले जात होते. बत्तीस वर्षं तिने हे पाठमोरं पाहिलं होतं. समोरून ते असं दिसतं, हे तिला माहीत नव्हतं. आपण सासूला कधी विचारलं नाही की आई, तुम्हाला कसं वाटतं, याचं तिला वाईट वाटलं. लोटू तिच्या पुढे दहा पावलांवर उलटा चालत होता, तिच्यावरची नजर न काढता. दोनदा तो खड्ड्यात पडता पडता वाचला.

पाण्याच्या टाकीपर्यंत सपाट रस्ता होता. तिथपर्यंत तिला गुडघा आठवलाही नाही. टाकीच्या वळणावर तो आठवला. आत सुई फिरावी तशी कळ आली. तीन होते, चार झाले, पुढच्या पावलाला पाच. पण मन भरलं नव्हतं. अजून रस्ता होता, अजून तापी होती. आणि पाच आणि चार यांच्यात असं कितीसं अंतर? मागून बायका ओरडत होत्या, "चाला, चाला!" धुरपदाबाई पुढे आली, तिने हात अर्धे वर केले आणि मागे घेतले. "जाई शकतस तं जाय वयनी," ती कानाशी ओरडली. "तुनाच मान शे." आणि तिच्या तोंडावर खरंच तेच होतं, दुसरं काही नव्हतं.

मंगलाबाईने लोटूकडे पाहिलं. तो काय म्हणतो ते वाचायला. 'बस कर' म्हणाला असता तर ती त्याच्यावर चिडून पुढे गेली असती. 'चाल' म्हणाला असता तर आनंदाने गेली असती. पण तिने पाहिलं आणि लोटूने तिच्याकडे पाठ केली. भर रस्त्यात, डीजेकडे तोंड करून तो उभा राहिला, हात बाजूला सोडून. त्या पाठीचा तिला आधी भयंकर राग आला. मग कळलं, की यावेळी तो तिच्या मागून काही सांगणार नव्हता आणि पुढूनही नाही.

"धुरपदा, ले," ती म्हणाली. "मना पाय दुखी राहिना."

कोणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, अजून मोठ्याने. तिसऱ्यांदा तिने पूर्ण छाती फोडून सांगितलं, आणि नेमकं तेव्हाच डीजेचं एक गाणं संपून दुसरं लागायचं होतं. "मना पाय दुखी राहिना!" अख्ख्या कोसाडने ऐकलं. टाकीवर बसलेली कबुतरंसुद्धा उडाली.

पाट तिच्या डोक्यावरून उचलला गेला. धुरपदाबाईने तो दोन्ही हातांनी घट्ट धरून आपल्या डोक्यावर घेतला. मिरवणूक पुढे निघून गेली आणि मंगलाबाई टाकीच्या कठड्याला धरून रडली. चांगली रडली, हुंदके देऊन. डोकं एवढं हलकं झालं होतं की ते आपलं नाहीच असं तिला वाटत होतं. लोटूने रिक्षा थांबवली.

मधल्या रस्त्याने रिक्षा मिरवणुकीच्या कितीतरी आधी घाटावर पोचली. तापी संथ होती, सकाळचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. मंगलाबाई सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. लोटू तिच्या दोन पायऱ्या खाली बसला. थोड्या वेळाने त्याने काही न बोलता तिचा उजवा पाय घोट्याला धरून उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला, पाय लांब राहावा म्हणून.

तिने पाय झटक्याने मागे घेतला. चुकून पाऊल लागलं तरी लगेच हात लावून नमस्कार करायचा, आणि हा तर मांडीवर घेऊन बसतोय! "काय करतस? पाप लागी माले. लोकं देखतीन."

"देखू दे." त्याने पाय पुन्हा घेतला आणि यावेळी सोडला नाही. पट्ट्याची चिकटपट्टी सैल केली. मग तो बोलायला लागला, पाण्याकडे पाहत, आवाज काढून, अडखळत.

"तुनं ऑपरेशन व्हयनं त्या दिनले तू माले काय सांगेल व्हतं, याद शे?"

तिला आठवेना.

"जा म्हने. माले काही दुखत नही, पाळी बुडावू नका म्हने. मी लगेच गऊ. बारा तास लूम चालाडात." तो थांबला. "तुनं तोंड येगळंच बोली राहिनं व्हतं मंगला. ते भी मी देखेल व्हतं. पन मी ओठ वाचात आनि निंघी गऊ. माले तेच सोयनं व्हतं. तवय आडवं नही, मंग आते कोनता तोंडे आडवू?"

सात वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन आठ लूममधून फिरत होता. नाही हो, तेव्हा खरंच दुखत नव्हतं, असं म्हणायला मंगलाबाईचे ओठ सवयीने उघडले. ते तिने मिटले.

"तवय भी दुखे," ती म्हणाली. "भलतं दुखे. तुम्ही गयात आनि मी उशीमा तोंड खुपसीसन रडनू."

लोटूने मान हलवली. त्याच्या अंगठ्याने गुडघ्याच्या कडेची जुन्या टाक्यांची रेघ सापडली आणि तो ती हळूहळू चोळू लागला. तिला बरं वाटत होतं, आणि तिने ते त्याला सांगितलं.

डीजे आता जवळ आला होता. वळणावरून आधी पोरं आली, मग निंबाभाऊ, मग डोक्यावर पाट घेतलेली धुरपदाबाई, आणि मागे अख्खी भाऊबंदकी, दीर, पुतणे, सुना, शेजारपाजारच्या बाया. सगळे घाटाकडेच पाहत येत होते. लोटूने वर मंगलाबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि पाय खाली ठेवू का म्हणून हात सैल केला.

मंगलाबाईने पदर डोक्यावर घेतला, कानबाईला बसल्या जागेवरून हात जोडले, आणि पाय त्याच्या मांडीवर तसाच राहू दिला.